डिस्नेच्या हॉटेलात राहण्यात एवढं खास काय?

तळेगावची_मेघा
एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला जाऊन आलो. आम्ही दोघं, सात वर्षांची लेक आणि तळेगावहून आलेले आई-बाबा. चार रात्री डिस्नेच्याच, भोवती प्राण्यांचं कुरण असलेल्या अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये राहिलो. परत आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, "दिवसभर पार्कात असता, मग नुसतं झोपायला एवढी महाग खोली कशाला?" म्हणून हा धागा.

माझ्या मते पैसे खोलीचे नसतातच, मधल्या वेळाचे असतात. पहिल्या दिवशी साडेसहाला उठले तर बाबा शाल गुंडाळून, चहाचा कागदी कप घेऊन बाल्कनीत बसलेले. समोर जिराफ. इतका जवळ की पाला ओढताना त्याची काळपट-जांभळी जीभ दिसत होती. मी काही बोलणार तेवढ्यात बाबा पुटपुटले, "हळू, जाईल तो." एरवी पेपर हातात पडेपर्यंत एका जागी न बसणारा हा माणूस तासभर तिथून हलला नाही.

दुसरं म्हणजे दुपार. दीड-दोनपर्यंत ऊन नको नको करतं. आम्ही सरळ बसने परत यायचो. आई गुडघ्यांखाली उशी घेऊन आडवी, लेक स्विमिंग पूलमध्ये, आणि संध्याकाळी सगळे ताजेतवाने होऊन पुन्हा पार्कात. बाहेर राहून हे करता येतं, पण कोणी करत नाही. मॅजिक किंगडम या तिथल्या मुख्य पार्कला स्वतःच्या गाडीने गेलात तर गाडी तळ्याच्या अलीकडे लावायची, मग मोनोरेल किंवा फेरी, तेव्हा कुठे फाटक. हॉटेलची बस थेट फाटकाशी सोडते. सत्तरीच्या माणसाला घेऊन दिवसातून दोनदा हे करा, मग बोलू.

हिशोबी_माणूस
मेघाताई, जिराफ मान्य. पण जिराफ बघायला तिथे राहावं कुठे लागतं? त्याच लॉजच्या किदानी व्हिलेजमध्ये सना नावाचं रेस्टॉरंट आहे, खिडक्यांसमोर तेच कुरण. टेबल बुक करायचं, नान आणि नऊ प्रकारच्या चटण्या-लोणच्यांचं ताट मागवायचं, पोटभर प्राणी बघायचे आणि घरी जायचं.

आम्ही दोन कुटुंबांनी मिळून डिस्नेजवळच्या किसिमी गावात चार बेडरूमचं भाड्याचं घर घेतलं होतं. मागे स्वतःचा पूल, स्वयंपाकघर, कपडे धुवायचं मशीन. सकाळी कांदेपोहे, रात्री मुगाची खिचडी. चार दिवस बर्गर खाऊन पोरांची पोटं बिघडण्यापेक्षा बरं.

आणि डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना रोज पार्कात अर्धा तास आधी आत सोडायची ती सवलत! ती डिस्ने स्प्रिंग्ज या तिथल्या बाजारपेठेजवळच्या दुसऱ्या कंपन्यांच्या हॉटेलांनाही आहे. शिवाय त्या अर्ध्या तासासाठी पोरांना पहाटे उठवायचं म्हणजे सुट्टी आहे की शाळा?

जुना_ऑरलँडोकर
खास होतं, पूर्वी. २००५ पासून विमानतळावरून हॉटेलची बस फुकट होती. बॅगांचे टॅग आधीच घरी पोस्टाने यायचे. ते लावून बॅगा चेक-इन केल्या की थेट खोलीत उगवायच्या. पट्ट्याजवळ ताटकळत उभं राहणं नाही. पोरांच्या दृष्टीने डिस्ने विमानतळावरच सुरू व्हायचं. जानेवारी २०२२ मध्ये ती बस बंद झाली. राइडची लांब रांग टाळायचा बिनपैशाचा फास्टपास गेला तो २०२१ मध्येच. हॉटेलवाल्यांना तो साठ दिवस आधी बुक करता यायचा, बाकीच्यांना तीस. आता हॉटेलवाल्यांना सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी लायटनिंग लेन, म्हणजे तीच छोटी रांग, बुक करता येते, पैसे मोजून. म्हणजे पैसे भरण्यात पहिला नंबर, हा आपला मान!

डिस्नेच्याच कंटेम्पररी हॉटेलच्या पोटातून मोनोरेल जाते, १९७१ पासून. ती पाहिल्यावर मला अजूनही लहान झाल्यासारखं वाटतं. पण ती बघायला खोली लागत नाही.

पॉपकॉर्न_पंत
महाग म्हणजेच खास, असं थोडंच आहे? आम्ही पॉप सेंच्युरीला होतो. त्यांचं स्वस्तातल्या गटातलं हॉटेल. बाहेर इमारतीएवढाल्या बोलिंगच्या पिना आणि यो-यो. अभिरुचीचं विचारू नका, पण आमचा पाच वर्षांचा वेडा झाला. २०१९ पासून तिथून स्कायलायनर या रोपवेचे पाळणे एपकॉट आणि हॉलिवुड स्टुडिओज या पार्कांना नेतात. राइड म्हणून तो त्यातच सहा वेळा बसला.

साताऱ्याची_आजी
हिशोबी, तुमच्यासारख्याच एका हिशोबी मुलाबरोबर मीही किसिमीतल्या घरात राहून आले. घर सुरेख होतं. सगळे पार्कातून दमून यायचे आणि सोफ्यावर पडायचे, मी कणीक भिजवायची. एवढी सात समुद्र ओलांडून गेले आणि चार दिवस पोळ्या लाटल्या. मुलाचे पैसे वाचले, ते खरं. मेघाच्या आईने गुडघ्याखाली उशी घेतली हे वाचलं आणि मला तिचा हेवाच वाटला. तुमच्या घरात ती खिचडी कोण टाकत होतं?

हिशोबी_माणूस
आजी, खिचडी मीच टाकली, शपथ. पोहे मात्र... बायकोने. आणि मेहुणीने.
पण मुद्दा तोच आहे. स्वयंपाक नको असेल तर बाहेर जेवा. घर घेतलं म्हणून चूल पेटवलीच पाहिजे असं नाही.

साताऱ्याची_आजी
चूल समोर दिसली की पेटवावी लागते हो. तुम्हाला नाही, आम्हाला.

नवी_प्रवासी
डिसेंबरात जायचंय, सासू-सासरे बरोबर. लॉजची सगळ्यात स्वस्त खोली घेतली तर बाल्कनीतून प्राणी दिसतील का?

तळेगावची_मेघा
बहुतेक नाही गं. 'सवाना व्ह्यू' (कुरणाकडे तोंड असलेली) असं स्पष्ट लिहिलेलीच खोली घे, नाहीतर समोर पूल किंवा पार्किंग यायचं. खाली सगळ्यांसाठी बघायच्या जागा आहेत, पण पहाटे शाल गुंडाळून लिफ्टने खाली कोण जाणार?
किंमत अंगावर येत असेल तर एक वाट आहे. डिस्नेच्या टाइमशेअरचे सभासद, म्हणजे आधीच पैसे भरून दरवर्षी राहायचा हक्क घेतलेले लोक, त्या हक्काचे न वापरलेले पॉइंट्स भाड्याने देतात. तीच खोली बऱ्याचदा बरीच कमी पैशात पडते. मात्र तारखा बदलणं अवघड आणि बेत रद्द झाला तर पैसे बहुधा गेलेच, तेव्हा सासऱ्यांचा व्हिसा हातात आल्याशिवाय घेऊ नकोस.

हिशोबी_माणूस
मेघाताई, ते पॉइंट्सचं जरा व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? बायकोने धागा वाचलाय.