खासदाराला पत्र लिहून पर्यावरणाचा कायदा वाचतो का?

घाटवाट:
अधिवेशन जवळ आलं की फोनवर तोच निरोप फिरायला लागतो. 'मजकूर तयार आहे, फक्त नाव घाला आणि पाठवा, जंगल वाचवा.' मी असले मजकूर पाठवणं बंद केलंय. आपण सगळ्यांनीच करावं असं माझं मत आहे, पण त्याऐवजी काय करायचं तेही सांगतो.

आधी दोन अनुभव शेजारी ठेवू. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन तोंडावर, पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या (प्रकल्पाने पर्यावरणाचं काय होईल ते आधी तपासायच्या) नव्या अधिसूचनेचा मसुदा आला. जनसुनावणीसाठी लोकांना मिळणारी मुदत ३० दिवसांवरून २० वर आणायची आणि परवानगी न घेताच सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून परवानगीची वाट करून द्यायची, अशा तरतुदी त्यात होत्या. मसुदा इंग्रजी-हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली, आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये भाषांतर करा असंही सांगितलं. लाखांनी हरकती गेल्या. तो मसुदा त्या रूपात पुढे सरकलाच नाही.

आता २०२३. वन संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक मार्चअखेरीस आलं आणि पर्यावरणाची स्थायी समिती असताना ३१ सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेलं. लोकांनी, संस्थांनी, निवृत्त अधिकाऱ्यांनी निवेदनं पाठवली. समितीने विधेयकात एकही बदल सुचवला नाही. २६ जुलैला लोकसभा, २ ऑगस्टला राज्यसभा, संपलं.

दुसऱ्या वेळी कमी पडलं ते हे, की आपण सगळे दिल्लीतल्या समितीला लिहीत बसलो आणि आपापल्या खासदाराला कुणी विचारलंच नाही की साहेब, तुमचं यावर काय? एका खासदाराच्या स्वीय सहायकाशी बोललो होतो. म्हणाला, एकसारखे ईमेल एका फोल्डरमध्ये जातात आणि तिथेच राहतात. पण मतदारसंघातली दहा-पंधरा माणसं कागद घेऊन कार्यालयात आली की नोंद करावीच लागते, कारण त्यातला कुणी सोसायटीचा चेअरमन असतो, कुणी माजी सरपंच. म्हणून माझं म्हणणं: एकच कलम, एकच मागणी, मतदारसंघातलीच माणसं, आणि अधिवेशनाच्या महिनाभर आधी.

टोमणेबहाद्दर:
कल्पना गोड आहे. पण १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे हे विसरलात का? पक्षादेश निघाला की तुमच्या पंधरा माणसांचा कागद घडी करून खिशात जातो. खासदाराने विरोधात मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. तुमच्या दहा आंब्यांसाठी नि चार करवंदांसाठी कोण खुर्ची घालवेल?

आणि आमदार-खासदार हलतात तेव्हा का हलतात तेही बघा. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली, कारण लोकसभा तोंडावर होती आणि युती करायची होती. तीन-चार वर्षांत रिफायनरी बारसूच्या सड्यावर, कातळशिल्पांच्या शेजारी माती परीक्षणाला हजर. आरेचंही तेच. २०२० मध्ये मेट्रोची कारशेड कांजूरला, २०२२ मध्ये सरकार बदलताच परत आरेत. याला लोकशक्ती म्हणायचं की वेळापत्रक?

म्हापशेकार:
वेळापत्रकच म्हणा, पण ते वापरता येतं. आमच्या गोव्यात २००६ च्या ऑगस्टात 'प्रादेशिक आराखडा २०११', म्हणजे २०११ पर्यंतच्या जमीनवापराचा आराखडा, अधिसूचित झाला. शेतं, डोंगर, खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) जमिनी, नकाशात सगळ्यांवर वसाहतीचे, म्हणजे बांधकामाचे रंग. डिसेंबरात गोवा बचाव अभियान उभं राहिलं. गावोगावी नकाशे लावले आणि लोकांना आपापला सर्व्हे नंबर शोधायला लावला. हे महत्त्वाचं. 'पर्यावरण' ऐकून कोणी येत नाही. 'तुझ्या घरामागच्या डोंगराचा रंग बदललाय' म्हटलं की माणूस चप्पल घालतो. जानेवारी २००७ मध्ये प्रतापसिंह राणे सरकारने आराखडा मागे घेतला. निवडणूक जूनमध्ये होती, हे खरंच.

पण गोव्याचा मतदारसंघ पंचवीस-तीस हजारांचा. आमचा आमदार बाजारात भेटतो, लग्नात भेटतो, मयताला तर हमखास. शे-दोनशे घरं फिरली तर त्याची झोप उडते. तुमचा खासदार अठरा-वीस लाख मतदारांचा. तिथे पंधरा माणसांचं गणित बसत नाही. महाराष्ट्रात हे करायचंच तर आमदार धरा.

आणि एक कडू गोष्ट. २०२३ मध्ये आमच्याच विधानसभेने नगरनियोजन कायद्यात १७(२) घातलं. आराखड्यातली 'चूक' दुरुस्त करायची म्हणून एकेक भूखंड रंग बदलायला लागला. २००७ सारखी गर्दी या खेपेला जमली नाही. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले, ते याचिकेमुळे.

चिरेबंदी:
सगळं वाचलं. आता जिथे हे कायदे लागतात तिथल्या माणसाचं ऐका. मी सिंधुदुर्गातला. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा २०१४ चा, सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडच्या दरडींच्या दुसऱ्या दिवशी आलेला. महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर त्यात. खाणकामावर बंदी म्हणजे आमच्या चिरेखाणींवरही (जांभ्या दगडाच्या खाणींवर) गदा. चिरा नाही तर घर कशाचं बांधायचं? सिमेंटचे ब्लॉक घाटावरून आणायचे आणि पर्यावरण वाचलं म्हणायचं?

पुण्या-मुंबईची मंडळी आमदाराला सांगणार की कोकण जपा. त्यांच्या इमारतीची खडी कुठल्या डोंगराची हे कोणी विचारत नाही. आमच्या ग्रामसभांनी गावं वगळा म्हणून ठराव केलेत. तीही लोकशाहीच. तुमच्या पत्राने कायदा वाचणार असेल तर आमच्या ठरावाने तो अडणारही. मग कोणाचं पत्र मोजायचं?

घाटवाट:
चिरेबंदी, दोन्ही मोजायची. आणि तुमचं आधी, कारण तिथले मतदार तुम्ही. पण मसुद्यात काय आहे ते तुमच्या ग्रामसभेत कोणी वाचून दाखवलं का? राहत्या घराच्या दुरुस्तीला बंदी नाही. वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना, नव्या टाउनशिपना, औष्णिक वीज प्रकल्पांना आणि लाल श्रेणीतल्या (सर्वांत प्रदूषक) उद्योगांना बंदी आहे. 'गोठासुद्धा बांधता येणार नाही' हे कोणी पसरवलं आणि त्याची कुठे किती एकर जमीन आहे, तेही एकदा बघा. चिरेखाणीचं मात्र तुमचं बरोबर आहे. दोन गुंठ्यांतली चिरेखाण आणि लोहखनिजाची खाण एकाच शब्दात बसवणं अन्याय्य आहे. मग हीच मागणी घेऊन जा ना: चिऱ्याची वेगळी तरतूद करा, बाकी मसुदा ठेवा.

चिरेबंदी:
वाचून दाखवलं नाही, मान्य. मराठीत कागदच नव्हता हातात. पण 'गोठा' वगैरे मी बोललो नव्हतो, ते तुम्ही माझ्या तोंडी घालू नका.

दूरदेशी:
मी न्यू जर्सीहून लिहितोय. इथल्या मराठी मंडळींच्या दोन हजार सह्यांची ऑनलाइन याचिका करू का? इथे सेनेटरच्या कार्यालयात फोन केला की कर्मचारी बाजू आणि पिनकोड टिपून घेतात.

टोमणेबहाद्दर:
काका, त्या पिनकोडातच सगळं आलं. तुमचा पिनकोड इथला नाही. त्यापेक्षा गावी तुमच्या नावावर जी पड जमीन आहे ती प्लॉटिंगवाल्याला देऊ नका, जंगल तेवढं तरी वाचेल.

काळाकोट:
'कोर्ट बघून घेईल' हा सूर चर्चेत हळूच शिरलाय, म्हणून लिहिते. मी वकिली करते. मागाहून परवानगी देणारी २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चं कार्यालयीन परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ ला रद्द केलं. याचिका मुंबईच्या वनशक्ती संस्थेची. आम्ही पेढे वाटले. १८ नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तोच निकाल मागे घेतला. घाटवाट, तुमचा २०२० चा मसुदा थांबला खरा, पण त्यातला हा दाणा परिपत्रकाच्या वाटेने आलाच होता. परिपत्रकावर ना हरकती मागवतात ना मतदान होतं.

वन कायद्यातही तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने १९९६ च्या निकालातला, शब्दकोशातला वनाचा अर्थ (सरकारी नोंद नसली तरी जंगल ते जंगल) तूर्त पाळा असं सांगितलं. ती अंतरिम ढाल आहे. कायद्याचं कलम बदललेलंच आहे.

टोमणेबहाद्दर, तुमचा पक्षादेशाचा मुद्दा मतदानापुरता खरा. पण प्रश्न विचारायला सहसा पक्षादेश आड येत नाही. लोकसभेत १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, विधानसभेत तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, विनंती अर्ज समिती आहे. मंत्र्याचं लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर आलं की आम्हाला ते याचिकेला जोडता येतं. माझ्या अशिलांना पत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा असलं एक उत्तर जास्त उपयोगी पडलंय.

टोमणेबहाद्दर:
उत्तर काय येणार? 'माहिती संकलित करण्यात येत आहे.'

काळाकोट:
तेही चालतं. सहा मसुदे काढल्यावर माहिती संकलितच होतेय, असं मंत्र्याने लिहून दिलं तर मला हवंच आहे.

घाटवाट:
मग लिहूनच टाकू. चिरेबंदी, तुमचा मुद्दा घेतलाय. दीडशे शब्दांच्या आत:

'(अ) पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या सहाव्या मसुद्यावर महाराष्ट्रातून किती हरकती आल्या, व त्यापैकी मराठीतून किती; (आ) मसुद्याचा मराठी अनुवाद ग्रामपंचायतींना पाठवण्यात आला काय, असल्यास केव्हा; (इ) घरबांधणीच्या चिऱ्याच्या लहान खाणींसाठी वेगळी तरतूद विचाराधीन आहे काय; (ई) दहा वर्षांत सहा मसुदे काढूनही निर्णय न घेणे योग्य आहे असे शासनाला वाटते काय?'

काळाकोट:
(ई) उडवा. मत विचारणारा प्रश्न सचिवालयात गळतो. 'विलंबाची कारणे काय' एवढंच ठेवा.

चिरेबंदी:
(आ) सगळ्यात वर घ्या. आणि आमच्या खासदाराकडे हा कागद घेऊन मी जाईन, पण ग्रामसभेच्या ठरावाची प्रत सोबत जोडून. ती तुम्हाला पटो न पटो.

घाटवाट:
जोडा.