स्क्रॅच: दाखवलेलं जमतं, स्वतःहून काही सुचत नाही. सुरुवात कुठून करावी?

संगणक_तास
सहावी-सातवीच्या ३० मुलांसाठी स्क्रॅचचे (ब्लॉक जोडून प्रोग्रॅम बनवायची संगणक भाषा) ८ तास आखायचे आहेत, प्रत्येक तास ४० मिनिटांचा. संगणक १५, इंटरनेटचा भरवसा नाही. फळ्यावर दाखवलं की मुलं ब्लॉक हुबेहूब जुळवतात. पण "आता त्रिकोण काढा" म्हटलं की हात थांबतात, नाहीतर दिसेल तो ब्लॉक ओढत सुटतात. मुलांनी विचार करून प्रश्न सोडवावा हा खरा हेतू आहे. आधी ब्लॉकची ओळख करून द्यावी की आधी कागदावर विचार? आणि खेळ कधी बनवायला द्यावा?

आलेखवही
इंटरनेटची अडचण सोपी आहे. स्क्रॅचचं डेस्कटॉप ॲप आधीच बसवून ठेवा, प्रकल्प फाइल म्हणून संगणकावरच राहतो. फक्त तो आपोआप सेव्ह होत नाही, म्हणून तास संपायच्या ५ मिनिटं आधी सगळ्यांना सेव्ह करायला लावा.

पहिले दोन तास संगणक बंद. जमिनीवर खडूने ५ × ५ घरं आखा आणि तीनच प्रकारची कार्डं करा: "एक घर पुढे", "डावीकडे वळ", "उजवीकडे वळ". चौघांच्या गटात दोघांनी कार्डं मांडायची, एकाने चालायचं, एकाने चूक कुठे होते ते टिपायचं. सगळी कार्डं मांडून होईपर्यंत चालणाऱ्याने हलायचं नाही आणि एकदा निघाल्यावर कुणी सूचना बदलायची नाही. हा नियम सैल सोडला तर मुलं पुढचा विचार न करता एकेक पाऊल सांगत बसतात.

इथे दोन चुका हमखास होतात. "वळ" म्हणजे वळून एक घर पुढे जायचं, असं मुलं धरतात. आणि चालणारा समोरून येत असेल तर स्वतःचं डावं-उजवं सांगतात. याच दोन चुका पुढे स्क्रॅचमध्येही दिसतात, म्हणून त्या जमिनीवरच निस्तरलेल्या बऱ्या. रस्ता चुकला की सगळी कार्डं उचलू देऊ नका. "अपेक्षेपेक्षा वेगळं पहिल्यांदा कुठल्या कार्डावर घडलं?" हे शोधायचं आणि तेवढंच कार्ड बदलायचं. शेवटी "× ४" असं एक कार्ड द्या आणि तेच काम कमी कार्डांत मांडायला सांगा. रिपीटची, म्हणजे तेच पुन्हा करायला लावणाऱ्या ब्लॉकची, गरज मुलांना तिथेच कळते.

तिसऱ्या तासाला पेन, म्हणजे स्क्रॅचमधलं मांजराचं पात्र चालेल तिथे रेघ काढणारे ब्लॉक. स्क्रॅच ३ मध्ये पेनचे ब्लॉक खाली डावीकडच्या एक्स्टेन्शनच्या बटणातून घ्यावे लागतात. चौरस सगळ्यांना जमतो: 'रिपीट ४', आत 'मूव्ह १००' आणि 'टर्न ९०'. खरी परीक्षा त्रिकोणाची. मुलं 'रिपीट ३' आणि 'टर्न ६०' लावतात, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे त्यांना पाठ असतं. त्रिकोण काही बंद होत नाही, अर्धा षटकोन उमटतो. उत्तर सांगू नका. एकाला जमिनीवरच्या त्रिकोणावरून चालायला लावा आणि कोपऱ्यात तो किती वळतो ते बघायला सांगा. तो बाहेरचा कोन वळतो, १८० − ६० = १२०. मग ३ बाजूंना १२०, ४ ना ९०, ६ ना ६० असा तक्ता मुलांकडूनच भरून घ्या, ३६० भागिले बाजू हे त्यांचं त्यांना दिसतं. ७ बाजूंसाठी दशांश टाइप करू देऊ नका, भागाकाराचा हिरवा ब्लॉक 'टर्न'मध्ये बसवायला लावा.

बाजू वाढवताना लांबी कमी करा. स्टेज (मांजर फिरतं तो पडदा) ४८० × ३६० पावलं एवढंच आहे. १०० पावलांच्या बाजूचा दशकोन सुमारे ३०८ उंच होतो आणि मांजर मध्यावरून निघालं तर खाली फक्त १८० जागा असते. ते कडेला अडतं, आकृती मोडते आणि मुलं कोनात चूक शोधत बसतात. ४० पावलं ठेवा.

हिरवा_झेंडा
जमिनीवरचा खेळ हवाच, पण मी एकच तास देईन. वाचलेला तास "सुटे ब्लॉक" पद्धतीला द्या: लागणारे सगळे ब्लॉक प्रकल्पात आधीच टाकून ठेवा, पण एकमेकांपासून सुटे. मुलांनी फक्त क्रम लावायचा. पुढच्या वेळी दोन जादा, न लागणारे ब्लॉक मिसळा. दिसेल ते ओढण्याची सवय यानेच मोडते, कारण ओढायला दुसरं काही नसतं.

हिरवा झेंडा (प्रोग्रॅम सुरू करायचं बटण) दाबण्यापूर्वी वहीत अंदाज लिहायचा: मांजर कुठे थांबेल, तोंड कुठे असेल. जोडीत एकाने माउस धरायचा, दुसऱ्याने सांगायचं, दर १० मिनिटांनी अदलाबदल.

शिवाय प्रत्येक प्रकल्पाची सुरुवात पक्की करून घ्या: झेंड्याखाली 'पेन अप', 'गो टू ०, ०', 'पॉइंट इन डायरेक्शन ९०', 'इरेज ऑल', मग 'पेन डाऊन'. स्क्रॅच मागची जागा आणि दिशा तशीच ठेवतं. मधेच थांबवून पुन्हा चालवलं की चौरस तिरका येतो आणि मुलांना वाटतं संगणक बिघडला.

संगणक_तास
आभार. दोन्ही जोडून आखतो. खेळ म्हणून वरून पडणारं फळ टोपलीत झेलायचं ठेवलं आहे. पण करून पाहताना एका झेलाला गुण एकदम १५-२० ने वाढतात. आणि काही वेळा 'इफ' (अट तपासणारा ब्लॉक) लावूनही काहीच होत नाही.

हिरवा_झेंडा
'फॉरएव्हर' (आतले ब्लॉक सतत चालवत राहणारा ब्लॉक) सेकंदाला साधारण ३० वेळा फिरतं. फळ अर्धा सेकंद टोपलीला टेकून राहिलं तर तेवढ्या वेळा 'टचिंग' खरं ठरतं आणि दरवेळी १ वाढतो. गुण वाढवल्याबरोबर, त्याच 'इफ'मध्ये, फळ वर पाठवा: y १७०, x साठी −२०० ते २०० मधला 'पिक रँडम'. 'इफ'ची गडबड म्हणजे तो 'फॉरएव्हर'च्या बाहेर राहिला आहे. झेंडा दाबल्यावर तो एकदाच तपासला जातो, आणि तेव्हा फळ टोपलीपासून लांब असतं.

आलेखवही
टोपली हलवायला 'व्हेन राइट ॲरो की प्रेस्ड' वापरलं तर पहिल्या हालचालीनंतर ती क्षणभर अडखळते. 'फॉरएव्हर'मध्ये 'इफ की राइट ॲरो प्रेस्ड?', मग 'चेंज x बाय १०' असं लावा, सलग सरकते. खेळ सहाव्या तासाच्या आधी नको. आणि तेव्हाही आधी फक्त फळ पडणं, ते चाललं की टोपली, गुण सगळ्यात शेवटी. तिन्ही एकदम जोडले तर बिघाड कशात आहे ते मुलांना शोधता येत नाही.