शपथ मोडणाऱ्याला शिक्षा का नाही?

मांजराकाठ
'कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता' सर्व तऱ्हेच्या लोकांना न्याय्य वागणूक देईन, अशी मंत्र्यांची शपथ संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. आमदार शपथ न घेताच सभागृहात बसला, तर अनुच्छेद १९३ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड. शपथ घेऊन ती मोडली तर दंड कुठंच लिहिलेला नाही.

खालीही तेच. नोकरीत रुजू होताना निष्ठेची शपथ, शिवाय दरवर्षी भ्रष्टाचारविरोधी दक्षता सप्ताहात हात पुढं करून प्रतिज्ञा. आणि सप्टेंबर २०२५ च्या पुरात? तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकानं नुकसानीच्या पंचनाम्याला बांधावर यायचं होतं. तिघं आले ते पारापर्यंतच. तिथंच बसून यादी झाली. माझ्या चुलतीची नदीकडची जमीन खरडून गेली, खालचा मुरूम उघडा पडला. कागदावर नुकसान ३३ टक्क्यांच्या आत, म्हणजे मदत नाही. माळावर ज्यांचं सोयाबीन शाबूत होतं, ते मात्र यादीत. शपथभंग हा स्वतंत्र गुन्हा झालाच पाहिजे, मंत्र्यापासून तलाठ्यापर्यंत.

निवृत्त अव्वल कारकून
भाऊ, पारावर बसून यादी केली हे चूकच, त्याला मी पांघरूण घालणार नाही. पण असा कायदा झाला तर त्यात मंत्री सापडणार नाही, सापडेल तो गावचा तलाठी. एकाकडं दोन-दोन सजांचा (तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांचा) चार्ज, पुलावरून पाणी, आणि वरून फोन की संध्याकाळपर्यंत नुकसानीचा आकडा पाठवा. आकडा मागणाऱ्यानंही शपथ घेतलेली असते. त्याची सही मात्र कुठल्याच पंचनाम्यावर नसते.

वकील, परभणी
नवा गुन्हा नको. 'निष्ठापूर्वक', 'शुद्ध बुद्धीने' हे शपथेतले शब्द फौजदारी कोर्टात सिद्ध कसे करणार? उद्या सत्ता बदलली की जुन्या मंत्र्यांवर शपथभंगाच्या फिर्यादींची रांग लागेल, आणि नियमावर बोट ठेवणारा सरळ अधिकारी त्यात आधी अडकेल. आहे तो कायदा वापरा. नुकसान पोचवण्याच्या हेतूनं लोकसेवकानं चुकीचा दस्तऐवज तयार केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०१ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. खटल्याला पूर्वमंजुरी लागते तिथं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ प्रमाणे सरकारनं १२० दिवसांत निर्णय द्यायचा, नाहीतर मंजुरी मिळाली असं धरलं जातं.

तेरणेची लेक
वकीलसाहेब, हेतू सिद्ध करायचा कुणी? जिची जमीन वाहून गेली तिनं? गुन्हा नोंदवायला गेलं की ठाण्यातून तहसीलला जा म्हणायलेत, तहसीलवाले ठाण्यात जा म्हणायलेत. तुमचं कलम पुस्तकात राहतं, बाईचा दिवस बुडतो.

निलंग्याचा मास्तर
फौजदारीच्या मागं का लागायचं? मंत्र्याला खुर्चीची भीती पुरते. आपले शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री होते. मुलीच्या एमडी परीक्षेच्या गुणांतल्या फेरफारावरून उच्च न्यायालयानं ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांनी पद सोडलं. त्याआधी १९८२ मध्ये सिमेंट वाटपाच्या बदल्यात देणग्या घेतल्याच्या प्रकरणात निकाल लागल्यावर मुख्यमंत्री अंतुले गेले. शपथभंगाचं कलम तेव्हाही नव्हतं.

तेरणेची लेक
मास्तर, त्याला चाळीसेक वर्षं झाली. आज ताशेरे आले की 'वरच्या कोर्टात जाऊ' म्हणतात आणि खुर्ची तशीच राहते. आणि तलाठ्याला कुठली आली खुर्चीची भीती? निलंबन होतं, निर्वाह भत्ता चालू राहतो, चौकशी रेंगाळते, मग गडी शेजारच्या तालुक्यात हजर.

निवृत्त अव्वल कारकून
ताई, सगळेच असे सुटत नाहीत. पण चौकशी रेंगाळते हे खरं, मी त्या फायली हाताळल्यात. म्हणून मांजराकाठ यांना सांगतो, आधी चुलतींचा अर्ज द्या. खरडलेल्या जमिनीचे फोटो, सातबारा, शेजारच्या दोन शेतकऱ्यांचे जबाब जोडा. आवक नंबर टाकून पोच घ्या, त्याशिवाय टेबल सोडू नका. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब यांवरच्या २००५ च्या कायद्यात कलम १० आहे: एका कर्मचाऱ्याकडं फाईल कामाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. माहिती अधिकारात विचारा, कोणत्या टेबलावर किती दिवस होती. नाव आपोआप बाहेर येतं.

मांजराकाठ
काका, अर्ज दिलाय, पोचही आहे. माहितीचा अर्ज सोमवारी टाकतो. पण बघा, ते ७ दिवस मोडणाऱ्यावर कारवाई करणार कोण? त्याच कार्यालयातला साहेब, ज्यानं आकडा मागितला होता. वकीलसाहेबांची भीती मला पटते, शपथेचे मोघम शब्द कोर्टात टिकणार नाहीत. मग ठरावीक गोष्टी लिहा: जागेवर न जाता केलेला पंचनामा, पात्र माणसाचं वगळलेलं नाव, तोंडी आदेशावर बदललेला आकडा. आणि चौकशी त्या खात्याबाहेरच्या माणसाकडं द्या.

वकील, परभणी
हे असं मांडलंत तर माझा विरोध निम्मा उरतो. तोंडी आदेश देणाऱ्याला कसं पकडणार, ते मात्र अजून कुणी सांगितलं नाही.