मदत हवी आहे: लेथ-ड्रिलवरची हातमोज्यांची सक्ती कशी काढून घ्यावी?

मंडळी, मशीन शॉपमध्ये 'सगळीकडे, सगळ्या वेळी हातमोजे' असा सरसकट नियम लागलाय. लेथ (जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, फिरवून कापणारं मशीन) आणि पिलर ड्रिल (खांबावर बसवलेलं भोक पाडायचं मशीन) यांवर तो उलट घातक आहे. 600 आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे सेकंदाला 10 फेरे. विणलेल्या सुती मोज्याचा एक धागा चकच्या जॉमध्ये (जॉब पकडणाऱ्या फिरत्या जबड्यात) किंवा ड्रिलच्या फ्लूटमध्ये (पिळदार खाचेत) अडकला, की हात सोडवायला वेळच उरत नाही. मोजा सहज फाटत नाही, तो हातच आत ओढतो.

मोजे हवेत ते स्पिंडल (मशीनचा फिरता दांडा) पूर्ण थांबल्यावर: धारदार कडांचा जॉब चढवताना-उतरवताना. बरी (कापताना निघणारा धातूचा कीस) तर मोजे घालूनही हाताने ओढायची नाही, मशीन बंद करून हुक किंवा ब्रशनेच काढायची. पण ऑडिटच्या चेकलिस्टमध्ये 'मोजे: हो/नाही' एवढाच रकाना!

मशीनवार आणि कामवार पीपीई (मोजे, चष्मा अशी संरक्षक साधनं) तक्ता कुणी सेफ्टी ऑफिसरकडून मंजूर करून घेतलाय का? जोखमीच्या रकान्यात नेमका काय मजकूर लिहिलात? आणि कूलंटने (कापताना सोडायच्या थंडाव्याच्या द्रवाने) हात फुटतात त्यावर बॅरियर क्रीम पुरतं, की पातळ नायट्रिल (कृत्रिम रबराचे) मोजे चालवता? फिरत्या स्पिंडलजवळ तेही नकोत, असं माझं ठाम मत आहे. अनुभव वेगळा असेल तर कारणासकट सांगा.