परदेशात सॅक घेऊन फिरताना पहिल्या दोन रात्रींपलीकडे बुकिंग करू नये असं माझं मत, तुमचं काय?

पाऊलवाट

ऑफिसातल्या एका मित्राने परवा त्याचा व्हिएतनामचा प्लॅन दाखवला. एक्सेल शीट, एकवीस दिवस, प्रत्येक रात्रीचं हॉटेल, प्रत्येक बस, 'हा लाँग बे' या खाडीतली क्रूझसुद्धा, सगळ्याचे पैसे भरून मोकळा. निघायला अजून पाच महिने आहेत. मी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. पटलं नाही तर खुशाल भांडा, फक्त कारण द्या.

जायचं-यायचं विमान आधी काढा. व्हिसा आधी काढावाच लागतो, व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरमध्ये ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. उतरल्यावरच्या पहिल्या दोन रात्री बुक करा आणि बाकी सगळं तिथे जाऊन ठरवा.

मी पहिल्या ट्रिपला या मित्रासारखीच चूक केली होती. ऑक्टोबरअखेर होई आनला चार रात्री, नॉन-रिफंडेबल, कारण दोनशे रुपये स्वस्त. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास पाऊस गेलेला असतो, तिथे मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच खरा पावसाचा, हे मी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी थू बोन नदीचं पाणी जुन्या गावात शिरलं. गेस्टहाऊसच्या मालकीणबाई खालचा फ्रीज जिन्याने वर चढवत होत्या, एक बाजू मी धरली. जिन्याजवळच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या रेघा, प्रत्येकीपुढे साल, आणि त्या रेघा माझ्या खांद्याच्या वर. बाईंना त्याचं काही नवल नव्हतं, मला रात्रभर झोप नाही. ह्युए शहरात भेटलेली दोन पोरं, ज्यांचं काहीच बुक नव्हतं, ती हवामान बघून आदल्या संध्याकाळच्या ट्रेनने सरळ दक्षिणेला निघून गेली होती. मी मात्र भरलेल्या पैशाला चिकटून बसलो, आणि रस्ता बंद झाल्यावर पुढची बस गेली, सायगावची (म्हणजे हो ची मिन्ह सिटीची) एक रात्र गेली, म्हणजे एकात एक अडकवलेलं सगळंच घसरलं.

दुसऱ्या वेळी काही न ठरवता गेलो. हनोईच्या हॉस्टेलवर रात्री जेवताना कोणीतरी उत्तरेकडच्या 'हा जांग' लूपचं, म्हणजे डोंगरांतून बाईकवर करायच्या गोल फेरीचं सांगितलं आणि सकाळी मी बसमध्ये. स्वतः बाईक चालवली नाही, आपलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या करारातलं असतं आणि तिथे १९६८ चं चालतं, म्हणून तिथल्याच एका पोराच्या मागे बसून चार दिवस फिरलो. आयुष्यात बघितलेले सगळ्यात सुंदर डोंगर. एक्सेल शीट असती तर ते चार दिवस हनोईतच गेले असते.

हिशोबनीस

साफ असहमत. तुम्हाला पुराने शिकवलं, मला तेतने शिकवलं.

तेत म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, चांद्र कॅलेंडरवर, त्यामुळे तारीख दरवर्षी हलते. २०२५ मध्ये २९ जानेवारीला होतं. मी आठवडाभर आधी सायगावला उतरलो, डोक्यात हेच तुमचं 'तिथे जाऊन बघू'. सायगाव ते हनोई रेल्वे १७२६ किलोमीटर, मला टप्प्याटप्प्याने वर जायचं होतं. स्टेशनवर गेलो तर बर्थ सोडा, बसायची सीट नाही. स्लीपर बस फुल्ल. अख्खा देश गावी निघालेला, खोकी, भेटवस्तू, कडेवर पोरं. शेवटी नेहमीच्या तिप्पट पैसे देऊन विमानाने गेलो. सणाच्या दिवसांत बरीच खाणावळी-दुकानंही बंद, दोन दिवस बिस्किटं आणि इन्स्टंट नूडल्सवर काढले.

आपण गणपतीला कोकणात जाताना असं करतो का? साठ दिवस आधी सकाळी आठला बुकिंग उघडतं, घरातले चार जण चार फोन घेऊन बसतात आणि तरी वेटिंग लागतं. तिथे आयत्या वेळी बघू म्हणायची कोणाची हिंमत होत नाही, मग दुसऱ्याच्या देशात त्यांच्या सणाला ही बेफिकिरी कशाला? जपानचा गोल्डन वीक, त्यांच्या लागोपाठच्या सुट्ट्या, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला, म्हणजे नेमका आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत. त्या दिवसांत नोझोमी या शिंकानसेन बुलेट ट्रेनचे सगळे डबे आरक्षित असतात. थायलंडचं सोंगक्रान, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, १३ ते १५ एप्रिल. कॅलेंडर बघायला पाच मिनिटं लागतात.

रातराणी

दोघंही दिवस मोजताय, माझ्यासाठी प्रश्न तासांचा आहे.

मी एकटी फिरते. हनोईहून ह्युएला रात्रीची स्लीपर बस घेतली. चढताना चपला काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या, तीन ओळींत वर-खाली बेड, पाय पुढच्याच्या पाठीखालच्या खोक्यात सरकवायचे. सात वाजता पोचेल म्हणाले होते. साडेचारला लाईट लागले, कंडक्टरने माझी सॅक फुटपाथवर ठेवली आणि बस गेली. अंधार, सगळी शटर खाली, एक कुत्रं आणि दोन टॅक्सीवाले. पाऊलवाट दादा, अशा वेळी 'तिथे जाऊन ठरवू' म्हणजे काय ते एकदा डोळ्यांसमोर आणा. माझी खोली बुक होती, पत्ता फोनमध्ये ऑफलाईन होता. मी गाडी केली, रिसेप्शनवरच्या मुलाने दार उघडलं आणि चेक-इनची वेळ होईपर्यंत सोफ्यावर झोपू दिलं. बुकिंग नसतं तर मी तो उजाडेपर्यंतचा वेळ कुठे काढला असता?

पाच महिने आधी बुक करा असंही मी म्हणत नाही. आजचं गाव सोडायच्या आधी उद्याचा बेड नक्की पाहिजे. एक दिवस पुरतो, पण तो एक दिवस सोडायचा नाही.

पाऊलवाट

ताई, हे मान्य. पुरुष म्हणून मी ते गृहीत धरलं होतं, माझ्या नियमात ते यायलाच हवं होतं. तेतचंही मान्य.

कागदपत्रवाला

युरोपात हा नियम घेऊन गेलात तर विमानतळापर्यंतही पोचणार नाही. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, अर्जाला जाण्यायेण्याचं रिझर्व्हेशन, राहण्याचा पुरावा, ३० हजार युरोचा इन्शुरन्स, सगळं लागतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. फी ९० युरो, नाकारला तर परत नाही. मे महिन्यासाठी अपॉइंटमेंटच मिळत नाही म्हणून रडणारी माणसं मी दरवर्षी बघतो.

व्हिडिओतले गोरे बॅकपॅकर सांगतात 'जस्ट गो', ते त्यांच्या पासपोर्टवर ठीक आहे. आपल्याला थायलंडला जातानासुद्धा मुंबईच्या काउंटरवर परतीचं तिकीट विचारतात. आणि खोटी बुकिंगं बनवून देणारे एजंट असतात, त्यांच्या नादी लागू नका, पकडलं गेलं तर पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याची सावली पडते. फ्री कॅन्सलेशनवाली खरी बुकिंगं करा, व्हिसा आल्यावर तारखा थोड्या हलवा, पण ज्या देशाचा व्हिसा घेतलाय तिथेच जास्त रात्री राहा.

काही ठिकाणं तर तारखेवरच चालतात. ॲमस्टरडॅमच्या अ‍ॅन फ्रँक हाऊसची तिकिटं दर मंगळवारी सुटतात, सहा आठवड्यांनंतरच्या भेटीची. दारात जाऊन तिकीट मिळत नाही. माझी बायको तिच्या शाळेपासून अ‍ॅन फ्रँकची डायरी जपून आहे आणि आम्ही त्या घराच्या बाहेरून परत आलो. ते मला अजून लागतं.

डोंगरवेडा

नेपाळचं कोणीच बोललं नाही, आपल्याला व्हिसाही लागत नाही. अन्नपूर्णा सर्किटच्या ट्रेकला टीहाऊस, म्हणजे वाटेवरची राहण्याजेवणाची घरं, आधी बुक करून बसणं मला धोक्याचं वाटतं. वाटेतली थोराँग ला खिंड ५४१६ मीटरवर आहे, त्याआधी विरळ हवेची सवय व्हायला मनांग गावात एक दिवस जास्त थांबायला शरीराने सांगितलं तर थांबलंच पाहिजे. पुढच्या खोलीचे पैसे भरलेत म्हणून डोकं दुखत असताना वर चढणारा माणूस मी बघितलाय, दोघांनी धरून खाली आणला त्याला. ऑक्टोबरात गर्दी असते तेव्हा गाईड आदल्या संध्याकाळी पुढच्या गावी फोन करतो, तेवढं पुरतं.

लुक्लाच्या (एव्हरेस्टकडच्या छोट्या विमानतळाच्या) बाजूला जाणार असाल तर घरी परतायच्या विमानाआधी काठमांडूत दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. ढग आले की लुक्लाची विमानं उडत नाहीत, कधी कधी दिवसेंदिवस.

बारा_दिवसवाली

तुम्हा सगळ्यांना सुट्ट्या किती मिळतात? मला वर्षाला सलग बारा दिवस, तेही साहेबांच्या हातापाया पडून. त्यातल्या तीन संध्याकाळी मी हॉस्टेलच्या लॉबीत फोनवर खोल्या शोधण्यात घालवू? मी सगळं आधी बुक करते आणि तिथे पोचल्यावर नुसती चालते, बघते, खाते. मोकळं वाटायला मला ठरवलेलं असावं लागतं. दोन महिने हातात असलेल्या माणसाचा नियम बारा दिवसवाल्याला लावू नका.

पाऊलवाट

ताई, बारा दिवस असतील तर मी म्हणेन जागा कमी करा. हनोई आणि हा जांग, बस्स. दोनच ठिकाणं असली की शोधायला लागतंच किती? आणि बुक केलंच तर फुकट रद्द होणारं करा, दोनशे रुपये जास्त जाऊ देत. माझं भांडण शीटशी नाही, शीट मीही करतो, पाऊस कधी, सण कधी, शेवटची बस किती वाजता, हे सगळं आधी वाचून जातो. पैसे अडकवायला मात्र माझा विरोध आहे आणि तो राहणार.

मित्राला कालच फोन केला. क्रूझवाल्याकडून वादळात बोटी बंद झाल्या तर पैसे परत मिळतील असं लेखी घेतलंय त्याने, आणि होई आनच्या दोन रात्री सोडल्यात.

रातराणी

त्यांना सांगा ह्युए ते दा नांग बस नका घेऊ, दिवसाची ट्रेन घ्या, हाय वान घाटातून जाते. आणि हे मात्र आधी बुक करा: दक्षिणेला जाताना डावीकडची खिडकी, समुद्र त्या बाजूला आहे.