मे महिना, गोरज मुहूर्त, उघडं लॉन: डेकोरेशनच्या कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावं?

होटगीरोडकर:
बहिणीचं लग्न सोलापुरात होटगी रोडला, उघड्या लॉनवर. अक्षता सायंकाळी 6:50 ला, माणसं 600. स्टेज 24 बाय 16 फूट, मागं खऱ्या फुलांचा बॅकड्रॉप. कोटेशनवर नुसतं ‘फुलं, लाइट, 15 केव्हीए जनरेटर’ एवढंच आहे. काय काय विचारू?

फुलं_आणि_मांडव:
दादा, आधी फुलाचं नाव आणि वजन लिहून घ्या. आपल्याकडं मेमध्ये पारा 42 च्या वर जातो. जरबेरा दुपारी लावला तर अक्षतेपर्यंत मान टाकतो. उन्हाला झेंडूच पुरून उरतो. मोगरा बोहल्याभोवती, तोही शेवटच्या तासात.

सहा फुटांची गच्च माळ म्हणजे मध्यम आकाराची साधारण 50 फुलं. किलोत दोन माळा बसतात. 60 माळा लागणार असतील तर 30 किलो, खराब निघणारी धरून 35 सांगा. ओवलेल्या माळा सावलीत ओल्या गोणपाटावर पसरून ठेवायच्या. ढीग घातला की आतून तापतात आणि पाकळ्या काळ्या पडतात.

गुच्छांचा फोम, म्हणजे फुलं खोचायची पाणी धरणारी वीट, पाण्यावर सोडून आपोआप बुडू द्यायला लावा. घाईत हातानं दाबला की आत हवा अडकते, मधला भाग कोरडा राहतो, आणि तिथलीच फुलं आधी सुकतात. भिजलेली वीट दोन किलोच्या आसपास भरते, म्हणून ती तारेच्या जाळीत बांधा. नुसत्या चिकटपट्टीवर टिकत नाही.

स्टेज दक्षिणेला, तोंड उत्तरेला ठेवा. पश्चिमेला तोंड केलं तर मावळतीचं ऊन थेट नवरा-नवरीच्या डोळ्यांवर आणि फुलांवर येतं.

वायरिंगवाला:
15 केव्हीए कमी पडेल. 150 वॅटचे 20 पार लाइट (स्टेजवर झोत टाकणारे दिवे) 3 किलोवॅट, 400 वॅटचे 6 हॅलोजन 2.4, मोठे 10 कूलर 2.5, साउंड 3. झाले जवळपास 11 किलोवॅट. किलोवॅटचे केव्हीए करायला 0.8 नं (पॉवर फॅक्टरनं) भागलं की 14 केव्हीए. त्यात कूलरच्या मोटारी सुरू होताना जास्त करंट ओढतात. 25 चाच घ्या, डिझेल कुणाचं तेही लिहा.

लोड तिन्ही फेजवर सारखा वाटायला सांगा आणि न्यूट्रलचा (तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या वायरचा) जोड स्वतः उभं राहून आवळून घ्या. तो सुटला तर एखाद्या फेजवर 230 च्या बराच वर व्होल्टेज चढतो आणि लाइट, साउंड एका झटक्यात जळतात. अर्थिंग वेगळं. साउंड रात्री 10 ला बंद, तो कायदाच आहे.

होटगीरोडकर:
आणि वळीव आला तर?

फुलं_आणि_मांडव:
पावसाआधी वारा येतो, घात तोच करतो. सलग कापडाचा बॅकड्रॉप शिडासारखा फुगून फ्रेमसकट पुढं येतो. मागं कापडाऐवजी जाळी, दर आठ फुटांवर मागं ओढून बांधलेला दोराचा ताण, आणि प्रत्येक पायावर वाळूची पोती. मातीत नुसत्या खुंट्या ठोकून भागत नाही, पाणी पडलं की त्या सैल होतात. पोत्यांचा आकडाही कोटेशनमध्येच लिहून घ्या.