घरून काम: काय जमलं, काय आपटलं?

मार्च २०२० मध्ये 'पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न' म्हणत लॅपटॉप घरी आणला. तो अजूनही आठवड्यातले तीन दिवस जेवणाच्या टेबलावर असतो. पहाटे उठा, याद्या करा, हे सगळं वाचून झालंय. तुमच्या घरात खरंच काय चाललं ते लिहा. माझं दुखणं एकच: काम सुरू होतं, संपत नाही.

*

दोन खोल्यांचं घर, आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर माझं ऑफिस. सासूबाईंच्या लेखी मी घरी आहे म्हणजे मोकळी आहे. एकदा ऐन कॉलमध्ये दार लोटून आल्या, "अगं, बसलीच आहेस तर एवढी गवार मोडून दे." माईक चालू होता. चेन्नईच्या मॅनेजरनं शांतपणे विचारलं, "गवार म्हणजे क्लस्टर बीन्स ना?"

त्या दिवशी दाराच्या कडीला जुनी लाल ओढणी बांधली. ओढणी आहे तोवर कुणी यायचं नाही. भांडून जे दोन वर्षांत समजावता आलं नव्हतं, ते ओढणीनं आठवड्यात केलं. आता कुरिअरवाल्यालासुद्धा सासूबाई दबक्या आवाजात सांगतात, "लाल आहे, नंतर या." फसलं ते माझ्याकडून. काम संपलं तरी ओढणी सोडायचं राहून जायचं. एकदा साडेआठला बाहेर आले, तर लेक दाराला टेकून वही मांडीवर घेऊन बसलेला. गणित अडलं होतं. आता साडेसहाला ओढणी तोच सोडतो, मी कॉलवर असले तरी.

*

पुणे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. इन्व्हर्टरवर वायफाय चालतं, मिक्सर आणि टीव्ही नाही. आठवड्यातलं सगळ्यात जास्त काम त्याच दिवशी उरकतं!

*

टीम न्यू जर्सीत. उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात आणि तीच मीटिंग आपल्याकडे ७:३० वर येते, म्हणजे नेमकी मुलांच्या जेवणावर. मी कॅलेंडरवर दुपारी १ ते ४ 'उपलब्ध नाही' असं टाकून चक्क झोपतो. सुरुवातीला चोरून झोपायचो, ती झोप लागायचीच नाही.

*

म्युनिक. डिसेंबरात साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो. पहिल्या वर्षी पाचनंतर फिरायला जाऊ म्हणत राहिले आणि महिनाभर ऊन पाहिलं नाही. आता जेवणाआधी अर्धा तास बाहेर, डबा परतल्यावर. इथे काम संपलं की 'फायरआबेंड' म्हणून निरोप घेतात आणि मग खरंच कुणी फोन उचलत नाही. हा शब्द मी घरातही म्हणते. नवरा हसतो, पण लॅपटॉप मिटतो.

*

धागाकर्ता: ओढणीचा प्रयोग आज करून पाहिला. आमच्या टेबलाला दार नाही, म्हणून खुर्चीला बांधली. बायकोनं धुवायला टाकली.